कधी ते सांगता येतं, का ते नाही

तालुक्याच्या गावात सकाळी सहाला रेडिओ लावणाऱ्या माणसाला जगाची खबर नको असते. ती त्याच्या मोबाइलवर रात्रभर साचलेलीच असते. त्याला हवं असतं ते एवढंच: आज नळाला पाणी येणार का, आलं तर किती वाजता, पावसात आठवडी बाजार भरणार का, सकाळची पुण्याची एसटी सुटणार का, आणि परवा जळालेली विजेची डीपी बदलली का. जिल्हा आवृत्तीत यातलं काही छापून येईपर्यंत पाणी येऊन गेलेलं असतं आणि एसटी स्वारगेटला पोचलेली असते.

सामुदायिक रेडिओ, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं चालणारं छोटं एफएम केंद्र, जन्माला आला तो नेमका या जागेसाठी. आणि त्याला पहिली अट घातली गेली ती अशी, की बातम्या द्यायच्या नाहीत.

या अटीमागची कथा थोडक्यात सांगायला हवी. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, बंगालच्या क्रिकेट संघटनेचा. निकाल देणाऱ्या पीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. निकालानंतर सरकारला जाग यायला सात-आठ वर्षं गेली. 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना रेडिओ चालवायची मुभा मिळाली, नोव्हेंबर 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना. 15 ऑक्टोबर 2008 रोजी आजच्या तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या माचनूरला दलित स्त्रियांनी चालवलेला संगम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी बोलू लागली. बारामतीला कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आहे. देशभरात आज अशी पाचशेच्या आसपास केंद्रं आहेत. लहरी लोकांच्या झाल्या खऱ्या, पण 'बातम्या आणि चालू घडामोडी' मात्र दिल्लीने स्वतःकडेच ठेवल्या. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, किंवा स्थानिक भाषेत-बोलीत उतरवून सांगता येतं. त्यात आपल्या गावचं एक वाक्य घालता येत नाही.

मग उरतं काय? उरतं ते बरंच आहे. हवामान, वाहतूक, खेळाच्या स्पर्धा, जत्रा-उत्सव, परीक्षा-निकाल-प्रवेश, नोकरीच्या जागा, आणि वीज, पाणी, आरोग्य, नैसर्गिक आपत्ती याबद्दल स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना. हे सारं 'बातमी' धरलं जात नाही. म्हणजे गुरुवारी पाणी येणार नाही, हे नगरपरिषदेने कळवलं तर सांगता येतं. तीन महिन्यांत सहाव्यांदा तीच पाइपलाइन का फुटली, हे विचारलं की आपण चालू घडामोडींच्या हद्दीत शिरलो. कधी ते सांगता येतं, का ते नाही.

ही अट अन्यायाची आहे, यात मला शंका नाही. चार पानी साप्ताहिकाला जे छापता येतं, व्हॉट्सॲपच्या गटावर कुणीही जे लिहितो, ते दहा किलोमीटरच्या टप्प्यातल्या रेडिओला बोलता येऊ नये, याला कारण सापडत नाही. पण या अटीत राहून काम करता करता एक गोष्ट लक्षात येते. 'कधी' हे वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक केंद्रं 'का' पर्यंत पोचतच नाहीत, कारण 'कधी'च धड सांगितलेलं नसतं.

नगरपरिषदेकडून येणारं पत्र साधारण असं असतं: 'सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम तातडीने हाती घेण्यात येणार असल्याने दि. 14 रोजी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील व दि. 15 रोजी कमी दाबाने व अनियमित स्वरूपात होईल, तरी नागरिकांनी सहकार्य करावे.' हे जसंच्या तसं वाचलं, तर ऐकणाऱ्या बाईच्या कानावर 'सर्व नागरिकांना' पडतं, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, आणि शिट्टी संपते तेव्हा 'सहकार्य करावे' चाललेलं असतं. कागदावरचं वाक्य डोळा मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला मागे जाता येत नाही. म्हणून जे हवं ते आधी, आणि दोनदा:

'मंगळवारी, म्हणजे 14 तारखेला, नळाला पाणी येणार नाही. पाणी सोमवारीच भरून ठेवा. बुधवारी पाणी येईल, पण कमी दाबाने. वरच्या मजल्यावर चढणार नाही. मोठ्या पाइपलाइनची दुरुस्ती आहे, असं नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाने कळवलं आहे. पुन्हा सांगतो: मंगळवारी पाणी नाही.'

मोजलं तर जेमतेम चाळीस शब्द. मिनिटाला 100 ते 120 शब्द हा मराठी निवेदनाचा आरामशीर वेग. म्हणजे ही सूचना पाऊण मिनिटाच्या आत बसते आणि पुढच्या-मागच्या धूनसकट अर्ध्या-अर्ध्या तासाने लावता येते. त्यात तीन गोष्टी असाव्याच लागतात: वार, काय करायचं, आणि कुणी कळवलं. 'कुणी कळवलं' हे गाळण्याकडे निवेदकांचा फार कल असतो, कारण ते कंटाळवाणं वाटतं. पण तेवढ्या तीन-चार शब्दांवर केंद्र उभं असतं. पाणी मंगळवारीच आलं, तर लोक नगरपरिषदेला विचारतात. ते शब्द नसले, तर रेडिओला.

पूर्वी दवंडी देणारा कोतवालही हेच करायचा. हलगी वाजवून आधी लोकांचे कान गोळा करायचा, मग हुकूम कुणाचा ते सांगायचा, मग काय ते, आणि पुढच्या चौकात जाऊन पुन्हा तेच, तेवढंच. पदरचं काही घालायचा नाही. आपल्या निवेदकांना पदरचं घातल्याशिवाय चैन पडत नाही. 'तर मंडळी, पाणी म्हणजे जीवन!' अरे बाबा, किती वाजता ते सांग.

आता काळाच्या शब्दांकडे येऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. 'उद्या' हा शब्द ध्वनिमुद्रित सूचनेत कधीही वापरू नये. सोमवारी संध्याकाळी मुद्रित केलेली 'उद्या पाणी येणार नाही' ही फाइल संगणकावरच्या यादीत तशीच राहते आणि मंगळवारी सकाळी पुन्हा वाजते. मग बुधवारीही पाणी नाही असं धरून अख्खं गाव नळाकडे फिरकत नाही, आणि पाणी येऊन जातं. 'परवा' तर त्याहून वाईट. मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही. 'परवा शिबिर आहे' आणि 'परवा शिबिर होतं' यातला फरक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर आहे, आणि लहान केंद्राच्या प्रसारणात वाक्याचा शेवट हाच सर्वांत कमी ऐकू येतो; निवेदकाचा श्वास तिथेच संपतो. 'रात्री बारा'ही टाळावं. शनिवारी रात्री बारा म्हणजे शुक्रवार उलटतानाची की शनिवार उलटतानाची, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. वार आणि तारीख, दोन्ही; मध्यरात्र असेल तर 'शनिवारची रात्र संपून रविवार लागताना'. लांबलं तरी चालेल.

यावर उपाय यंत्राचा नाही, फाइलच्या नावाचा आहे. प्रत्येक सूचनेच्या नावातच तिची मुदत लिहायची: 'पाणी-मंगळवार-संपते-14-रात्री'. पहाटेच्या पाळीला जो येईल त्याने पहिलं काम चहा नाही; मुदत संपलेल्या फाइली यादीतून काढायच्या. काढायच्या म्हणजे पुसायच्या नाहीत, बाजूच्या फोल्डरमध्ये टाकायच्या. प्रसारित झालेलं सारं तीन महिने जपून ठेवणं हे परवान्याच्या अटींत आहे. त्याला काही मोठी यंत्रणा लागत नाही. रोजचं 8 तासांचं प्रसारण 32 केबीपीएस मोनो एमपी3 मध्ये साठवलं तर तासाला 14.4 एमबी होतात, 90 दिवसांचे सुमारे साडेदहा जीबी. 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतं. तरीही हे न करणारी केंद्रं आहेत, आणि एखाद्या पुढाऱ्याने 'तुम्ही माझ्याविरुद्ध बोललात' म्हणून तक्रार केली की आपण बोललो नाही हे दाखवायला त्यांच्या हातात काही नसतं.

आकड्यांचंही तसंच. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द कागदावर वेगळे आहेत, खरखरत्या रेडिओवर नाहीत. 'एकोण' पर्यंत सगळं सारखं, आणि पुढचं गिळलं जातं. त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर यांचीही तीच गत. म्हणून फोन नंबर सुटे अंक करून, दोनदा. दर असेल तर शब्दात सांगून मग अंक फोडून: 'एकोणसत्तर, सहा-नऊ'. नव्या मुलांना एकोणसत्तर म्हणजे किती हे तसंही कळत नाही. त्यांचीही सोय होते.

बाजारभाव हा या साऱ्या मामल्यातला सर्वांत नाजूक कार्यक्रम. बाजार समितीच्या तक्त्यात एका पिकापुढे चार आकडे असतात: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. निवेदक बिचारा डावीकडून उजवीकडे वाचतो आणि ऐकणारा शेतकरी 'कमाल' तेवढा पकडतो. कमाल दर बहुधा एखाद-दुसऱ्या निवडक वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या एखाद्या ढिगाला, एकसारख्या मोठ्या मालाला मिळालेला असतो. बाकीचा ढीग सर्वसाधारण दराच्या आसपास गेलेला असतो. रेडिओवर कमाल दर ऐकून कुणी टेम्पो भरून निघाला आणि बाजारात निम्म्या भावाला सौदा झाला, तर तो आडत्याला शिव्या देईलच, पण रेडिओही बंद करील. तेव्हा आधी सर्वसाधारण दर, मग त्याचा पल्ला, शेवटी आवक. आणि आवक कालच्या मानाने वाढली की घटली, हेही. आवक दुप्पट झाली असेल तर उद्याचा अंदाज शेतकरी स्वतः बांधतो, आपण बांधायला जाऊ नये. दर कशाचा आहे, क्विंटलचा की आणखी कशाचा, हे दर वेळी म्हणायचं. टोमॅटोचा दर बाजारात क्रेटवर सांगतात, कोथिंबिरीचा शेकड्यावर. एकाच दमात सगळं 'क्विंटल' करून टाकलं तर आकडा बरोबर असूनही उपयोगाचा राहत नाही. आणि दर कोणत्या दिवसाचा? सकाळी सातला जो वाचला जातो तो कालचा असतो. 'कालचे दर' हे शब्द न म्हणणं म्हणजे शिळी भाजी ताजी म्हणून विकणं.

लहान गावात सर्वांत जास्त ऐकलं जाणारं काय, असं विचारलं तर केंद्रवाले ओव्या, भजनं, फोन-इन असं काहीबाही सांगतात. खरं उत्तर आहे निधनाची सूचना. अंत्यविधी किती वाजता, कुठून निघणार, सावडणं कधी. आणि सर्वांत मोठी चूकही इथेच होऊ शकते. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची तीन माणसं असतात, त्यातलं एक आजारी असतं. ज्या केंद्राला अशा सूचना घ्यायच्या आहेत, त्याने दोन नियम भिंतीवर लिहून ठेवावेत. एक, सूचना घरच्याच माणसाकडून घ्यायची, आणि त्याने ज्या नंबरवरून कळवलं त्यावर नाही, घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या फोनवर उलटा फोन करून खात्री करायची. दोन, नावासोबत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आळी, आणि गावाने ठेवलेली ओळख: 'गिरणीवाले', 'पेठेतले', 'निवृत्त पोस्टमन'. ही ओळख घरच्यांना विचारून घालायची, कारण काही टोपणनावं माणसाच्या पाठीमागेच चालतात. दशक्रियेची तारीख चुकली तर माफी मिळते. जिवंत माणसाचं निधन जाहीर झालं, तर केंद्राला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

अफवेचं प्रकरण वेगळं. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्याआधी मोबाइलवरून तशा ध्वनिचित्रफिती फिरत होत्या. अशा वेळी रेडिओने अफवेचं खंडन करायला हवं, हे सगळेच म्हणतात. कसं करायचं हे फार थोड्यांना माहीत असतं. 'मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा पसरली असून ती खोटी आहे' हे वाक्य कानाने ऐकून पाहा. पहिल्या पाच शब्दांत टोळी आली. 'खोटी' येईपर्यंत श्रोत्याने दाराला कडी लावलेली असते. खंडनात आधी खरं सांगायचं: 'तालुक्यात एकही मूल बेपत्ता नाही, असं पोलीस ठाण्याने आज सकाळी कळवलं आहे. अनोळखी माणूस दिसला तर 112 ला फोन करा, हात लावू नका.' अफवेचे शब्द वाक्यात येऊच द्यायचे नाहीत. आणि ही सूचना निवेदकाच्या आवाजात नको, ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या आवाजात हवी, नाव आणि हुद्द्यासकट. लोक आवाज ओळखतात.

पुराच्या दिवसांत हीच गोष्ट आकड्यांबाबत करावी लागते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याला 39 आणि 43. पंचगंगा-कृष्णाकाठच्या माणसाला हे आकडे तोंडपाठ असतात आणि त्यांचा अर्थही कळतो, कारण किती फुटांना पाणी कोणत्या गल्लीत शिरतं हे त्याने पाहिलेलं असतं. पण धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सोडला, हे सांगून त्याला काही कळत नाही. तो विसर्ग आपल्या घाटाला किती तासांनी पोचतो, हे पाटबंधारे खात्याच्या माणसाकडून पावसाळ्याआधीच विचारून तक्ता करून ठेवायचा असतो. पूर आल्यावर त्या खात्यात कुणी फोन उचलत नाही.

यंत्राबद्दल थोडं. सामुदायिक केंद्राला 100 वॅट प्रभावी शक्तीची मर्यादा आहे. 50 वॅटचा ट्रान्समीटर आणि त्याला दुप्पट करणारा ॲन्टेना अशी जोडणी सर्रास दिसते. मनोऱ्याची उंची 30 मीटरपर्यंत. नव्या केंद्रवाल्यांना वाटतं, वॅट वाढले की टप्पा वाढेल. एफएम सरळ रेषेत चालतं. मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली. त्या सावलीतल्या वाडीला वॅट दुप्पट करूनही फारसं काही मिळत नाही, ॲन्टेना चार मीटर वर नेला तर कदाचित मिळतं. दुसरं, स्टीरिओ बंद करा. दूरच्या श्रोत्याला स्टीरिओत खरखर येते तिथे मोनोत शब्द स्वच्छ येतात, आणि पाण्याची सूचना दोन कानांत वेगवेगळी ऐकायची कुणाला हौस नसते. तिसरं, आवाजाच्या पट्टीची चढाओढ. एफएममध्ये उंच स्वर प्रसारणाआधी मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओत पुन्हा उतरवले जातात. त्यामुळे मराठीतले 'स', 'श', 'च', 'छ' हे सर्वांत आधी फाटतात. 'पाणीपुरवठा' नीट ऐकू येतं, 'सहाच्या सुमारास' मध्ये शिट्टीसारखा आवाज उठतो. माइकपासून एक वीतभर अंतर, तोंड माइकच्या थोडं बाजूला, आणि मुद्रणातला सर्वांत मोठा आवाज शून्याच्या सहा डेसिबल खाली ठेवला, की निम्मं काम होतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. बाहेरच्या ट्रॅक्टरला ते थांबवत नाहीत, पाली मात्र वाढतात. जाड गोधड्या टांगा, खोलीचा घुमारा उतरतो.

पावसाळ्यात एक दुखणं हटकून येतं. जूनच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर टप्पा कमी होतो, सहा किलोमीटरवरचे श्रोते 'आवाज येत नाही' म्हणतात, आणि स्टुडिओत सगळं ठीक दिसतं. ट्रान्समीटरवर एसडब्ल्यूआर नावाचा आकडा असतो. तो 1.5 असला तर साधारण चार टक्के शक्ती ॲन्टेनावरून परत येते, हे चालतं. 2 झाला की अकरा टक्के, आणि शहाणा ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप उतरवतो. कारण बहुधा एकच: मनोऱ्यावर केबल जिथे ॲन्टेनाला जोडलेली असते तिथे पाणी शिरलेलं असतं. मे महिन्यात वर चढून तो सांधा उघडून, पुसून, रबरी टेपचे दोन थर खालून वर गुंडाळायचे, म्हणजे पाणी कौलावरून ओघळावं तसं टेपवरून ओघळतं. आणि इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा, थेंब तिथून पडतो. हे काम वीस मिनिटांचं आहे. न केल्यास चार महिने अर्ध्या गावाला केंद्र बंद.

आणि केंद्र चालू आहे की नाही हे केंद्रातल्या स्पीकरवर कधीही ठरवू नये. तो स्पीकर संगणकाला जोडलेला असतो, हवेला नाही. बाहेरच्या खोलीत तीन-चारशे रुपयांचा साधा रेडिओ लावून ठेवायचा. शांत झाला की उठायचं. श्रोत्यांकडे असे रेडिओ कमीच उरलेत. मोबाइलवर एफएम ऐकायचं तर वायरचा इयरफोन लागतो, कारण वायर हीच ॲन्टेना. आणि बऱ्याच नव्या मोबाइलांत वायरचं भोकच नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना एफएम सुरू ठेवायचा सल्ला दिला. सल्लाच तो. म्हणून गावातल्या शिंप्याचं दुकान, दूध संकलन केंद्र, पिठाची गिरणी, चहाची टपरी इथे एकेक रेडिओ कायमचा लावून देणं, हा प्रचाराचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग. दूध घालायला येणारा माणूस सकाळी आणि संध्याकाळी दहा मिनिटं रांगेत उभा असतोच.

पैशाचं लवकर उरकतो, कारण ते फारसे नसतात. 2024 च्या नव्या धोरणात जाहिरातीची मुभा तासाला 7 मिनिटांवरून 12 मिनिटं झाली, सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 74 रुपये. कागदावर तासाला 5,328 रुपये. असा तास कुणी पाहिलेला नाही. गावची साडीची दुकानं, कृषी सेवा केंद्रं, क्लासवाले दिवाळी आणि जून या दोन मोसमांत येतात, आणि ज्याच्या दुकानात रेडिओ चालू असतो तोच पुन्हा येतो.

आता पुन्हा 'का' कडे. ते सोडून द्यायचं असं नाही. श्रोत्यांचे फोन टिपायच्या वहीत दोन रकाने करावेत, 'कधी' आणि 'का'. 'कधी'चं उत्तर त्याच दिवशी. 'का'चे प्रश्न महिनाभर साठू द्यायचे आणि ज्याला उत्तर हाताने माहीत आहे अशा माणसाला बोलवायचं. नगराध्यक्ष नको, मुख्याधिकारीही नको. ते आले की राजकारण आणि आश्वासन एकत्र येतं. व्हॉल्व्हमन बोलवा, त्याच्या खात्याला रीतसर कळवून. कुणावर टीका नाही, कुणाचं नाव नाही, विषय एकच: धरणातलं पाणी आपल्या नळाला कसं येतं. जॅकवेल म्हणजे पाणी उचलायची विहीर, पंप, शुद्धीकरण, उंच टाकी, मग गावातले व्हॉल्व्ह. त्याला प्रश्न साधे विचारा. टाकी भरायला किती तास लागतात? वीज गेली आणि पंप पुन्हा सुरू केला, तर पाइपलाइन भरून पाणी टाकीत पडायला किती वेळ? कोणत्या भागाला किती आटे व्हॉल्व्ह उघडता?

हा शेवटचा प्रश्न विचारला की माणूस खुलतो. तो सांगू लागतो, की खालच्या आळीला चारच आटे, कारण उतार. वरच्या पेठेला पूर्ण, तरी शेवटच्या दहा घरांना धार येत नाही. का येत नाही? पाइप तर तोच. थोडा थांबतो. मग म्हणतो, पाणी सुटलं की मधल्या घरांतल्या मोटरी सुरू होतात, थेट नळाला लावलेल्या. टोकाच्या घरापर्यंत उरतं काय.

तिथे निवेदकाने लगेच गाणं लावू नये. पाच सेकंद शांतता चालते. त्या पाच सेकंदांत मधल्या घरांतली माणसंही ऐकत असतात, आणि त्यांच्या मोटरीचा आवाज शेजाऱ्याला रोजच ऐकू येतो. कुठल्या गल्लीत मोटरी आहेत हे व्हॉल्व्हमनला विचारायचं नाही, आणि फोनवर कुणी नाव घेऊ लागलं तर आवाजाची पट्टी खाली ओढायची. कार्यक्रम पुन्हा लावायचा तर पाणी सुटायच्या वेळेआधी अर्धा तास, पाणी ज्या वारी वरच्या पेठेला येतं त्या वारी.